कडू मागे ठेवून

भाईंदर मागे पडले की लोकल वसईच्या खाडीवरचा पूल ओलांडते. मोबाइलमध्ये घातलेल्या माना तेवढ्यापुरत्या वर होतात, कारण वारा अंगावर येतो. नायगावच्या आसपास रुळांच्या कडेला चौकोनी वाफे दिसू लागतात. काहींत गुडघ्याच्याही खाली पाणी, काही कोरडे, काहींच्या बांधावर मळकट पांढऱ्या राशी. पुढे वसई रोडला उतरून किल्ल्याची वाट धरली की पापडी लागते. आजची पापडी ही दुकानांची, कारखान्यांच्या गाळ्यांची आणि रिक्षांच्या रांगांची. १९९८ साली वसईचा धर्मप्रांत मुंबईपासून वेगळा झाला, तेव्हा त्याच्या कॅथेड्रलचा मान पापडीच्या ‘अवर लेडी ऑफ ग्रेस’ चर्चला मिळाला. मिठागरे इथून पूर्वेला, उमेळे, नायगाव, जूचंद्र, राजावली या बाजूला.

पातळ, ठिसूळ कवचाला मराठीत पापडी म्हणतात. वाफ्यातले पाणी दाट झाले की वारा नसलेल्या दुपारी त्याच्या पृष्ठभागावर असेच एक पातळ कवच धरते आणि जरा हलवले की मोडून तळाशी बसते. मिठाचे पहिले दर्शन ते. हा शब्दांचा खेळ समजावा, गावाची व्युत्पत्ती नव्हे.

शाळेत विज्ञानाच्या तासाला प्रश्न असतो: मिठाच्या पाण्यातून मीठ वेगळे कसे कराल? उत्तरही ठरलेले: पाणी आटवून. मिठागरात जन्म घालवलेला माणूस या उत्तराला अर्धेच गुण देईल. कारण मिठाच्या पाण्याच्या पेल्यात फक्त मीठ असते, समुद्रात तसे नसते. समुद्राचे पाणी पुरते आटवले तर हाती येते ते तोंडात धरवत नाही. मीठ काढणे सोपे, मिठाबरोबर येऊ पाहणारे कडू मागे ठेवणे अवघड. वसईच्या खाडीकाठी ही कला पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, आणि १८३७ पासून १९४७ पर्यंतची ११० वर्षे ती सरकारी पहाऱ्यात चालली. गोष्ट त्या काळाची आहे.

समुद्रातले नको ते

मराठीत या कामाचे शब्द मुबलक आहेत. धान्य आपण पाखडतो, पीठ चाळतो, तांदूळ निवडतो, डाळ रोळतो, चहा गाळतो, ताक घुसळतो, गढूळ पाणी निवळू देतो, भाजी निथळत ठेवतो, दूध आटवतो. पाठ्यपुस्तकात यांनाच अवसादन, अपकेंद्रीकरण, बाष्पीभवन अशी भारदस्त नावे मिळतात. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. कोणताही पदार्थ बदलून दुसरा होत नाही. जे आधीपासून तिथे होते तेच, फक्त वेगवेगळ्या ठिकाणी जाऊन बसते. मिठागरात यातल्या तीन क्रिया एकामागून एक होतात: निवळणे, आटवणे आणि निथळणे.

एक हजार लिटर समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५ किलो क्षार विरघळलेले असतात. त्यातले २७ किलोच्या आसपास आपले खायचे मीठ. उरलेल्या सात-आठ किलोंत चुनखडीचा अंश, चिरोडी आणि मॅग्नेशियमचे दोन मुख्य क्षार. या दोघांतला एक म्हणजे औषधवाल्याकडे जुलाबाचे मीठ म्हणून मिळतो तो. दुसरा त्याहून त्रासदायक, कारण तो हवेतले पाणी ओढून घेतो. पावसाळ्यात बरणीतल्या जाड्या मिठाला पाणी सुटते, त्यातला मोठा दोष याचा.

निसर्गाची कृपा एवढीच की हे सगळे एकदम खाली बसत नाहीत. प्रत्येकाची विरघळण्याची मर्यादा वेगळी, म्हणून प्रत्येकाची बाहेर पडण्याची वेळ वेगळी. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर युसिग्लिओ नावाच्या रसायनज्ञाने १८४९ मध्ये भूमध्य समुद्राचे पाणी सावकाश आटवून हा क्रम मोजून मांडला. पाणी निम्मे झाले की चुनखडी बसते. एक-पंचमांशाच्या सुमारास चिरोडी. एक-दशांश उरले की मीठ धरू लागते. आणि शेवटच्या थोड्याशा पाण्यात मॅग्नेशियमचे कडू क्षार साचून राहतात. मीठ मधल्या थांब्यावर उतरते. आधी उतरणाऱ्यांना त्याच्याआधी उतरवायचे आणि नंतर उतरणाऱ्यांना पाण्याबरोबर पुढे पाठवायचे, एवढाच मिठागराचा सिद्धांत. युसिग्लिओचा तक्ता छापला जाण्याच्या कितीतरी आधीपासून वसईच्या खाडीत तो बांधांच्या रूपाने चिखलात आखलेला होता.

उधाण आणि भांग

मिठागराचे पंचांग चंद्राचे आणि वाऱ्याचे. पावसाळ्यात खाडीत गोडे पाणी उतरलेले असते, वाफे गाळाने भरलेले असतात, बांध खचलेले असतात. दिवाळीच्या सुमारास काम सुरू होते. बांधाला चिखलाचे लिंपण, तळातला गाळ उपसणे, आणि मग वाफ्याचा तळ पायांनी तुडवून घट्ट करणे. हे तुडवणे सर्वांत महत्त्वाचे. तळ भुसभुशीत राहिला तर खारे पाणी मुरून जाते, आणि मीठ ओढताना चिखलही वर येतो. कोकणच्या मिठाला राखाडी झाक असे ती या मातीच्या तळामुळे.

अमावास्या-पौर्णिमेला उधाण येते. त्या भरतीला बांधातली उघाडी वर करून समुद्र आत घेतात, ओहोटी लागायच्या आत उघाडी बंद. अष्टमीच्या भांगाला पाणी एवढे चढत नाही, म्हणून पंधरवड्याचे पाणी या दोन-तीन दिवसांतच साठवावे लागते. पहिल्या मोठ्या तलावात पाणी नुसते स्थिर राहते. गाळ खाली बसतो, पाणी निवळते. तिथून ते पुढच्या उथळ तापणाऱ्या वाफ्यांत येते. इथे खरे आटणे होते. पूर्वेकडून येणारा कोरडा मतलई वारा आणि हिवाळ्याअखेरचे ऊन मिळून पाणी दिवसागणिक दाट करत जातात. चुनखडी आणि चिरोडी या वाफ्यांतच तळाला धरते. म्हणजे मिठाचा वाफा येण्याआधीच नको असलेले पहिले दोघे मागे पडलेले असतात.

शेवटच्या, नीट तुडवलेल्या लहान वाफ्यात दाट पाणी बोटभर-दोन बोटे उंचीचे सोडतात. इथे मीठ पिकते. हा शब्द मुद्दाम वापरला आहे, कारण मिठागरात मीठ ‘पिकवतात’. आगर म्हणजे पिकाची जागा, मग ती नारळीची असो वा मिठाची, आणि आगरात राबणारा तो आगरी. उत्तर कोकणातल्या या मोठ्या समाजाच्या नावातच मिठाचे आणि भाताचे शेत आहे.

पाणी पुरेसे दाट झाले हे कसे ओळखायचे? फ्रान्समधल्या आंत्वान बोमे या औषधनिर्मात्याने १७६८ मध्ये द्रवाची दाटी मोजणारी तरंगती काचनळी अंशांत आखली. तिच्या मोजणीने समुद्राचे पाणी सुमारे ३ अंश, मीठ धरू लागते तिथे सुमारे २५, आणि २८ ते ३० अंशांच्या दरम्यान थांबायलाच हवे, कारण त्यापुढे कडू क्षार मिठात मिसळू लागतात. ज्यांच्या हातात ही नळी नव्हती ते रंग पाहत. दाट खाऱ्या पाण्यात मिठातच जगणारे सूक्ष्म जीव वाढतात आणि पाण्यावर तांबूस झाक येते. दाट पाणी बोटांना तेलासारखे बुळबुळीत लागते. जिभेला खारट चवीच्या मागून कडू चव येऊ लागली की दिवस भरले.

मग लाकडी फळीने मीठ कडेला ओढायचे, बांधावर चढवायचे आणि निथळू द्यायचे. खड्यांना चिकटलेले कडू पाणी खाली झिरपते. वाफ्यात उरलेले पाणीही अधूनमधून काढून टाकावे लागते. लोभाने त्याच पाण्यातून आणखी एक ओढ काढली तर वजन वाढते, चव जाते. राशी गवताने किंवा झावळ्यांनी शाकारून ठेवत. मृगाचा पाऊस कोसळेपर्यंत हंगाम. त्यानंतर पुन्हा सगळा समुद्र.

मणामागे आठ आणे

या किनाऱ्यावर राज्ये बदलत गेली. १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादूरशाहाकडून वसई पोर्तुगिजांकडे गेली. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांच्या फौजेने ती जिंकली. १८०२ च्या शेवटच्या दिवशी दुसऱ्या बाजीरावाने इथेच इंग्रजांशी तह केला, आणि पंधरा-सोळा वर्षांत पेशवाईच उरली नाही. महसूल प्रत्येकाने घेतला. पण मिठाच्या प्रत्येक मणाचा माग काढत वाफ्यापर्यंत येणारे राज्य कंपनीचे.

मुंबई इलाख्यात मालाच्या वाहतुकीवर जागोजागी जकाती होत्या. त्या उठवताना तूट भरून काढायला १८३७ च्या कायद्याने मिठावर उत्पादन शुल्क बसवले: मणामागे ८ आणे. हा मण सरकारी, म्हणजे सुमारे ३७ किलोंचा. कागदावरच्या हिशेबाने एवढ्या मिठासाठी चौदाशे लिटर समुद्र आटवावा लागतो. ते पाणी फुकट, ऊन फुकट, वारा फुकट. मजुरी तेवढी माणसाची, आणि ती काही आण्यांचीच. कर मात्र चढत गेला. १८४४ मध्ये १२ आणे, १८५९ मध्ये एक रुपया, १८६१ मध्ये सव्वा, १८६५ मध्ये दीड, १८६९ मध्ये १ रुपया १३ आणे. मूळ मालाच्या किमतीच्या कितीतरी पट.

कर गोळा करायचा तर एकच उपाय होता: मीठ जिथे पाण्यातून वेगळे होते तिथेच उभे राहायचे. म्हणून मिठागराभोवती चौक्या आल्या, शिपाई आले, परवाने आले. शुल्क भरल्याची पावती दाखवल्याशिवाय रास हलवता येईना. विखुरलेली लहान आगरे पहाऱ्याला महाग पडतात, म्हणून सरकारचा कल मोठ्या, एकत्र असलेल्या मिठागरांकडे राहिला. १८९० च्या मुंबई मीठ कायद्याने हे सगळे नियम पक्के केले. परवान्याशिवाय मीठ बनवणे गुन्हा. एवढेच नाही, भरतीचे पाणी खाचखळग्यांत अडून उन्हाने आपोआप जे मीठ धरते तेही उचलता येत नव्हते. पदार्थविज्ञानाचा एक नियम खाडीकाठी दर उन्हाळ्यात घडत होता, आणि त्याचे फळ वेचणे हा अपराध होता.

या काळात वसईचे मीठ खाडीतून गलबतांनी जात असे. १८६४ च्या नोव्हेंबरात उत्तरेकडून येणारा बीबीसीआय रेल्वेचा लोहमार्ग मुंबईत ग्रँट रोडपर्यंत पोहोचला आणि वसईच्या खाडीवर पूल उभा राहिला. रेल्वेने बाजार जवळ आणला, तसा प्रतिस्पर्धीही. कच्छच्या लहान रणाच्या काठी खाराघोड्याला सरकारने मिठाचे मोठे आगर उभारले. तिथे जमिनीखालचे खारे पाणी समुद्राच्या पाण्याहून कितीतरी दाट, हवा कोरडी आणि खडे टपोरे. वसईचे मीठ बारीक आणि मातकट. गिऱ्हाइकाला फरक डोळ्यांनी दिसे.

बंगालची तऱ्हा निराळी. गंगेच्या मुखाशी पाणी कमी खारे आणि हवा दमट, म्हणून तिथे मीठ चुलीवर उकळून काढत. लाकडाचा खर्च मोठा, त्यावर कंपनीची मक्तेदारी. पुढे इंग्लंडमधल्या चेशायरचे, कोळशाच्या आगीवर आटवलेले पांढरेशुभ्र मीठ लिव्हरपूलहून जहाजे भरून येऊ लागले आणि बंगालचे मलंगी, म्हणजे मीठ उकळणारे कामगार, देशोधडीला लागले. उन्हाने पिकणाऱ्या किनारी मिठाला बंगालीत करकच म्हणत. कोकणाच्या बाजूने एक गोष्ट कायम राहिली: इथली भट्टी आकाशात होती आणि तिला सरपण लागत नव्हते.

कुंपणाची किंमत

बंगालात कर जास्त, मुंबईत कमी. मग स्वस्त मीठ महागाच्या मुलखात झिरपणारच. ते अडवण्यासाठी इंग्रजांनी हिंदुस्थानच्या पोटातून एक सरहद्द आखली. १८६९ पर्यंत ती सिंधू नदीपासून महानदीपर्यंत सुमारे २,३०० मैल पसरली होती. आपल्या बाजूला ती बुऱ्हाणपुरावरून जात असे. तिच्या बऱ्याच भागात बाभळी, बोरी, निवडुंगाचे काटेरी कुंपण वाढवलेले होते, आणि राखणीला बारा हजारांच्या आसपास माणसे. मिठाच्या पोत्याची झडती घ्यायला एवढे मोठे कुंपण जगात क्वचितच कुणी उभे केले असेल. ही एक अवाढव्य चाळणी होती, माणसे आरपार जावीत आणि मीठ अडकावे म्हणून बांधलेली.

ही चाळणी खर्चिक होती आणि गळकी. ती काढायची तर दोन्ही बाजूंचे कर जवळ आणायला हवेत. जॉन स्ट्रेची यांच्या योजनेने १८७७ च्या अखेरीस ते झाले. बंगालचा कर थोडा खाली आणला आणि मुंबई-मद्रासचा १ रुपया १३ आण्यांवरून थेट अडीच रुपयांवर नेला. १८७९ मध्ये कुंपण सोडून दिले. इतिहासाच्या पुस्तकांत ही सुधारणा म्हणून नोंदली जाते आणि एका अर्थी ती होतीही. पण तिची किंमत कुणी मोजली ते पाहिले पाहिजे. १८७६ ते ७८ हा दख्खनच्या भीषण दुष्काळाचा काळ. ज्या वर्षी सोलापूर, विजापूरकडची माणसे अन्नछत्रांच्या रांगांत उभी होती, त्याच वर्षी त्यांच्या मिठाचा कर वाढला. पाच-सहा माणसांच्या घराला वर्षाकाठी साधारण मणभर मीठ लागते. म्हणजे घरामागे अडीच रुपये. रोजंदाराला त्यासाठी कित्येक दिवस राबावे लागे.

मिठाचा कर इतर करांपेक्षा वेगळा जाणवे, कारण त्यातून सुटका नव्हती. श्रीमंत माणूस गरिबापेक्षा दसपट कापड नेसेल, दसपट तूप खाईल, पण मीठ दसपट खाणार नाही. उलट उन्हात घाम गाळणाऱ्यालाच ते जास्त लागते. १९०२ साली गोपाळ कृष्ण गोखले यांनी केंद्रीय कायदे मंडळातल्या आपल्या पहिल्या अर्थसंकल्पीय भाषणात हा मुद्दा आकड्यांसह मांडला. तिजोरीत शिल्लक पडत असताना मिठावर एवढा कर कशाला, हा त्यांचा सवाल होता. १९०३ मध्ये कर दोन रुपयांवर आला, १९०५ मध्ये दीडवर, १९०७ मध्ये एक रुपयावर. कर उतरला तशी मिठाची विक्री वाढली. याचा अर्थ उघड आहे. आधी लोक पोटापुरतेही मीठ घेऊ शकत नव्हते.

पहिल्या महायुद्धात तो पुन्हा सव्वा रुपया झाला. १९२३ मध्ये कायदे मंडळाने नकार दिला तरी व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी आपल्या अधिकारात तो दुप्पट केला. पुढच्याच वर्षी तो परत सव्वा रुपयावर आणावा लागला. १९३० साली गांधीजींनी मीठ हा विषय निवडला तेव्हा काहींना तो फार किरकोळ वाटला. खाडीकाठच्या माणसाला तो तसा वाटण्याचे कारण नव्हते.

सगळेच आटवले तेव्हा

६ एप्रिल १९३० ला दांडीच्या किनाऱ्यावर गांधीजींनी मूठभर मीठ उचलले. पाठोपाठ मुंबईत विलेपार्ल्याला जमनालाल बजाज यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह छावणी उभी राहिली. चौपाटीवर कमलादेवी चट्टोपाध्याय आणि अवंतिकाबाई गोखले यांनी समुद्राचे पाणी उकळायला ठेवले. घराघरांच्या गच्च्यांवर पातेली चढली. १२ मे रोजी शिरोड्याच्या मिठागरात सत्याग्रही शिरले आणि त्यांनी लाठ्या खाल्ल्या. वडाळ्याच्या मिठागरावर मे अखेरीपासून लोकांचे लोंढे येत राहिले. १ जूनला तिथे पंधरा हजारांच्या आसपास माणसे जमली होती. चिखलात घुसायचे, मूठभर मीठ घ्यायचे, पोलिसांच्या कड्यातून बाहेर पडायचे.

इथे रसायनाची एक गंमत आहे. पातेल्यात पाणी पुरते आटवून केलेले सत्याग्रहाचे मीठ चवीला वाईटच असणार. त्यात चिरोडी होती, मॅग्नेशियम होते, समुद्रात जे जे होते ते सगळे होते. मिठागरातला कोणताही म्हातारा त्यांना सांगू शकला असता की शेवटचे पाणी ओतून द्या. पण त्या पातेल्यातले मीठ भाकरीवर घालण्यासाठी नव्हतेच. पुडीतले ते कडवट मीठ लोकांनी लिलावात शेकड्यांनी रुपये मोजून घेतले. आगरी माणसाने शतकानुशतके जे मागे ठेवले होते, तेच त्या वर्षी मौल्यवान ठरले.

मिठागरात रोज राबणाऱ्यांची अवस्था मात्र चमत्कारिक होती. त्यांचे काम परवान्याचे, म्हणून कायदेशीर. कायदा मोडणारे शहरातून येत होते आणि मिठाच्या राशी वाचवायला बंदुका येत होत्या. ज्याला मीठ काढता येत होते तो त्या नाटकात जवळजवळ अदृश्य राहिला. आपल्या स्वातंत्र्याच्या इतिहासात मीठ उचलणाऱ्यांची नावे आहेत. पिकवणाऱ्यांची फारशी नाहीत.

५ मार्च १९३१ च्या गांधी-आयर्विन करारात थोडी सवलत मिळाली. जिथे मीठ मिळते वा बनते त्या परिसरातल्या गावकऱ्यांना घरच्या वापरासाठी आणि गावातल्या विक्रीसाठी ते गोळा करता येईल, बाहेर व्यापार करता येणार नाही. कर संपायला मात्र आणखी सोळा वर्षे लागली. हंगामी सरकारच्या १९४७ च्या अर्थसंकल्पात लियाकत अली खान यांनी तो रद्द केला. १ एप्रिल १९४७ पासून मिठावर कर उरला नाही. साडेचार महिन्यांनी, १५ ऑगस्टला, कर बसवणारेही उरले नाहीत.

वजा केले, मग मिळवले

स्वातंत्र्यानंतर मिठागराला मारले ते करांनी नव्हे. आधी बाजार बदलला. गुजरातच्या विस्तीर्ण, कोरड्या किनाऱ्यावर यंत्रांनी मीठ काढले जाऊ लागले. ते धुऊन, पुन्हा विरघळवून, गाळून, निर्वात पोकळीत उकळून दाणेदार शुभ्र केले जाई. मातकट जाडे मीठ घरात फक्त लोणच्याला, मासळीला आणि बर्फाच्या कारखान्याला उरले.

मग आयोडीन आले. हिमालयाच्या पायथ्याशी कांगडा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी यांनी १९५६ पासून केलेल्या अभ्यासाने दाखवून दिले की मिठातून आयोडीन दिले की गलगंड घटतो. १९६२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि २००६ पासून खाण्यासाठी आयोडीनविरहित मीठ विकायला देशभर बंदी आली. निर्णय योग्य होता, लाखो मुलांचा मेंदू त्याने वाचला. समुद्रात आयोडीन असते, पण अत्यल्प, आणि मिठाच्या खड्यात त्यातले जवळजवळ काही उतरत नाही. म्हणून आधी समुद्रातून मीठ सोडून सगळे वजा करायचे आणि शेवटी एक पदार्थ मोजून मिळवायचा. हे मिळवण्याचे यंत्र लहान मिठागरवाल्याच्या आवाक्यातले नव्हते.

तिसरी गोष्ट जमिनीची. मीठ हा केंद्राचा विषय, बऱ्याच मिठागरांची जमीनही केंद्राच्या मीठ आयुक्तांच्या अखत्यारीत. नकाशावर ती मोकळी दिसते. २००९ मध्ये वसई-विरार महानगरपालिका झाली, २०१४ मध्ये पालघर जिल्हा झाला आणि लोकलच्या प्रत्येक स्थानकाभोवती इमारती वाढत गेल्या. मोकळी दिसणारी जमीन शहराला पडीक वाटते. पण बांध, उघाड्या आणि उथळ तलाव यांची ही रचना मुळात पाणी आत घेण्यासाठी आणि थोपवून धरण्यासाठीच केलेली आहे. २०१८ च्या जुलैत पावसाने नालासोपाऱ्याजवळ रुळांवर पाणी साचले, लोकल थांबल्या, वसई परिसर कित्येक दिवस पाण्यात राहिला. त्या दिवसांत पाण्याला जागा कुठे होती आणि कुठे उरली नव्हती, हे पाहायला अभियंता असावे लागत नव्हते.

शेवटची गोष्ट पाण्याची आहे. मिठागराची सगळी युक्ती एका गृहीतावर उभी आहे: आत घेतलेल्या पाण्यात जे आहे ते समुद्राचे आहे. ऊन फक्त पाणी उडवते, बाकी सगळे मागे ठेवते. चुनखडी, चिरोडी, मॅग्नेशियम यांच्या उतरण्याच्या वेळा माहीत होत्या, म्हणून त्यांना चुकवता आले. गटाराचे पाणी, कारखान्याचे सांडपाणी आणि तेलाचा तवंग यांना अशी ठरलेली वेळ नाही. ते वाफ्याच्या तळाशी बसतात आणि फळीबरोबर मिठात येतात.

वसईची मिठागरे राखायची की नाही, यावर दोन बाजूंनी बोलता येईल. खाडीबद्दल दोन बाजू नाहीत. आगरी माणसाने समुद्रातले कडू मागे ठेवायला शिकून घेतले होते. आपण खाडीत जे सोडतो ते त्याच्या कोणत्याही वाफ्यात वेगळे होत नाही.